धाकटी पाती

३ मार्च

ऋतिकाचं ठरलं. डिसेंबरात लग्न. मुलगा निरंजन गारोळे, मारुंजीचा, हिच्याच कंपनीत कामाला. दोघांचं आधीच जमलेलं होतं, आम्हाला फक्त पोहे खायला बोलावलं असं म्हणायचं. माझी तक्रार नाही. तीन वर्षांपूर्वी साखरपुडा मोडला तेव्हापासून ही पोरगी घरात मोठ्याने हसायचीच थांबली होती. एकतिशी उलटली, तरी स्थळाचं नाव काढलं की उठून आत जायची. आज स्वयंपाकघरात आईशी बोलताना खदखदून हसली. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो, एक ओळ वाचली असेल तर शपथ.

देण्याघेण्याचं नावच काढलं नाही कुणी. पत्रिका नको म्हणाले, आम्हीही नको म्हणालो. त्यांनी आडनाव विचारलं, आम्ही घारवले म्हणालो. आडनावं वेगळी, मिटलं. आमच्या आप्पांच्या वेळी देवक विचारल्याशिवाय पाण्याचा तांब्या पुढे करत नसत. आता देवक म्हणजे काय हेच पोरांना सांगावं लागतं. निरंजनला सांगितलं, प्रत्येक कुळाचं एक झाड नाहीतर वेल ठरलेला असतो, लग्नात त्याची फांदी आणून पुजायची. एक देवक म्हणजे एक रक्त, तिथे सोयरीक होत नाही. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग आहे, अंकल." एवढं व्याख्यान झोडलं आणि त्यांचं देवक विचारायचं राहूनच गेलं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. असो.

९ मार्च

एसटीत कंट्रोलर होतो तेव्हा गाड्यांच्या वेळा लिहून लिहून बोटं दुखायची. रिटायर झाल्यावर बोटं शिवशिवतात. म्हणून ही वही, आणि म्हणून घराण्याचा शोध.

शोध म्हणजे धाकट्या पातीचा. आमच्यात घराण्याच्या शाखेला पाती म्हणतात. मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलं. दोघे भाऊ होते. थोरले ते आमचे आजोबा, त्यांनी मोबदला घेतला आणि सूसला आले. धाकटे नथू, ते सत्याग्रहात तुरुंगात गेले. सुटून आले तर भावाने जमीन सोडलेली. "तुझ्या घरचं पाणी पिणार नाही," म्हणाले आणि निघून गेले, ते आजतागायत गेलेलेच. आप्पा शेवटच्या आजारात मला म्हणाले होते, रामदास, धाकट्या पातीचं बघ रे. चोवीस तास गाड्या बघत बसलो, पातीचं बघायला वेळ झाला नाही.

आता वेळ आहे तर आडनाव हाताला लागत नाही. आमच्याच घरात बघा. आजोबांच्या कागदावर घारवळे, आप्पांच्या दाखल्यावर घारवले, चुलत्यांच्या सातबाऱ्यावर घारोळे, एका आत्याच्या दाखल्यावर नुसतंच घारे. मास्तरने त्याच्या मनाने लिहिलं, तलाठ्याने त्याच्या, पुढच्याने मागच्याचं बघून खरडलं. मतदारयादीत इंग्रजीत जे छापलंय ते आमचा बिहारी भाडेकरू "घरवाले" असं वाचतो आणि मला घरवाले अंकल म्हणतो. भाडं घेणारा मीच, त्यामुळे त्याला चूक तरी कसं म्हणणार.

पौडला दोन चकरा झाल्या. घारवले, घारवळे, घारोळे, घारे, सगळे विचारून झाले. धाकट्या पातीचा एकही माणूस नाही.

१७ मार्च

माऊली येऊन गेला. माऊली माझा चुलतभाऊ, भाऊकीचा म्होरक्या. देवळात संगमरवराचा फलक लावायचा घाट घातलाय, त्यावर अख्खा वंशवृक्ष. म्हणाला, तू शोध, मी धाकट्या पातीची जागा मोकळी ठेवतो. मला बरं वाटलं. आप्पांचं काम कुणाला तरी आपलं वाटतंय.

जाता जाता निरंजनच्या घरचं देवक विचारलं का म्हणाला. म्हटलं, विचारतो. त्याने लगेच डोळे वटारले. एका देवकात सोयरीक झाली तर भाऊकीतला एक माणूस मांडवात पाय ठेवणार नाही, आणि मी स्वतः मुलाच्या दारात जाऊन सांगेन, म्हणाला. करेल पण. मागे वाकडच्या एका पोरीचं हळद लागलेलं लग्न त्याने मोडलंय. त्या पोरीचं पुढे जमलंच नाही, ती आता भावाच्या घरी राहते.

२१ एप्रिल

साखरपुडा घरच्या घरी झाला. निरंजनचे वडील विकासराव टेंपोच्या धंद्यात, बोलायला मोकळा माणूस. पण खरा माणूस म्हणजे त्यांचे वडील, भैरूतात्या. नव्वदीला आले, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मी माझं पुराण सुरू केलं तर म्हणाले, "पाव्हनं, मेलेल्यांची नावं हुडकताय, जित्त्यांना वाढा की." सगळे हसले.

मी विचारलं, तुम्ही मुळशीकडचेच ना, धरणातले घारवले कुठे माहितीत आहेत का. त्यांना खोकला लागला. बराच वेळ खोकले. मग माझ्या आजोबांचं नाव विचारलं. मी सांगितलं. "लई लोकं पांगली तवा," एवढंच म्हणाले आणि ऋतिकाकडे बघत बसले. चहा घेतला नाही, साखरेचं कारण सांगितलं. मात्र जिलेबीच्या ताटाकडे नजर होती, आणि तीही घेतली नाही. पाणीसुद्धा गाडीतून स्वतःचं आणलं होतं. म्हाताऱ्या माणसांचे नखरे.

ठरलंय की मेअखेर पाणी उतरलं की मी त्यांना गाडीतून धरणावर न्यायचं. त्यांना गाव बघायचंय.

२६ मे

आज गेलो होतो. लिहू की नको असं चाललंय, पण दुसऱ्या कुणाला सांगणार.

पाणी पार खाली गेलेलं. चिखल वाळून भेगा पडलेल्या, मधे मधे घरांची जोती वर आलेली. म्हातारा काठी टेकत टेकत असा चालला की मीच मागे पडलो. एका जोत्यापाशी थांबले. काठीने दाखवलं.

"हितं आमचं घर. ही मधली भित. पल्याड थोरल्याचं."

मी दहा वर्षांचा असताना आप्पांनी मला इथेच आणलं होतं. याच मधल्या भिंतीच्या पलीकडे उभं करून म्हणाले होते, हे आपलं, आणि भिंतीपल्याड धाकट्याचं. भिंतीत एक कोनाडा होता, दोन्ही घरांचा दिवा त्यात ठेवायचे. कोनाड्याचा खालचा दगड अजून आहे.

मी विचारलं, तात्या, तुमचं देवक काय. "वासनवेल," म्हणाले. आमचंही तेच.

 तात्या माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, मला पहिल्या दिवशीच कळलं, घारवले, धरणातले, आता सूसला, दुसरं कोण असणार. नथू माझा बाप. बाप पुढे धरणाच्याच खालच्या कामावर मजूर म्हणून लागला, मुकादमाने हजेरीत गारोळे लावलं. बापाने नाही म्हटलं नाही, थोरल्याचं आडनाव त्याला तसंही नकोच होतं. म्हणजे हा माझ्या आप्पांचा सख्खा चुलतभाऊ, माझा चुलता. विकासराव माझा भाऊ, निरंजन माझा पुतण्या. आणि त्याच्याशी मी माझी मुलगी ठरवून बसलोय.

मी म्हणालो, मग बोलला का नाहीत. तात्या जोत्यावर टेकले.

"बोललो असतो तर पोरांचं काय? माझ्या बापानं अन् तुज्या आज्यानं भांडून काय मिळवलं? दोगंबी मेलं. आता त्येंच्यापायी ही पोरगी रडत बसंल."

मी म्हणालो, अहो पण एक रक्त आहे. भाऊकी आहे. "भाऊकी कुनाला म्हनत्यात?" तात्या म्हणाले. "सुतक पाळतो तो भाऊ. शंबर वरसं तुमी आमचं पाळलं न्हाई, आमी तुमचं न्हाई. पानी तुटलं. आता मी मेलो तर तूबी पाळू नगंस. देवाला हात लाव, धाव्याला डोई भादरू नगंस, सोयऱ्यात उभा ऱ्हा. म्हंजी झालं. शपथ घे पोरा."

मी भिंतीच्या दगडावर हात ठेवून शपथ घेतली. मला पाव्हनं म्हणणारे तात्या आता पोरा म्हणाले होते, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

येताना ताम्हिणीच्या रस्त्यावर टपरीवर थांबलो. मी दोन चहा सांगितले. तात्यांनी कप हातात धरला आणि किती तरी वेळ नुसताच धरून बसले. म्हणाले, बापाने लहानपणी सांगून ठेवलं होतं, थोरल्याच्या माणसाच्या हातचं पाणी नाही. मग प्यायले. साखर कमी आहे म्हणून टपरीवाल्याला झापलं सुद्धा.

२८ मे

डोकं ठिकाणावर नाही. आप्पांनी सांगितलेलं काम झालं आणि ते झालं असं कुणाला सांगता येत नाही.

दहा वेळा वाटलं ऋतिकाला सांगावं. ती शिकलेली आहे, म्हणेल बाबा काय हे, चार पिढ्या झाल्या. म्हणेल आणि हसेल. पण मग निरंजनला सांगेल, तो बापाला, आणि विकासराव सरळ माणूस, तो माऊलीकडे जाऊन पाया पडेल की दादा, आम्हीच तुमचे. तिथे संपलं. संध्याकाळी तिने शालूचे फोटो दाखवले. कुठला आवडला म्हणाली. मी म्हणालो, सगळेच. "बाबा, नीट बघा ना." नीट बघितले. हिरवा चांगला आहे.

तिला नाही सांगायचं. कुणालाच नाही.

१४ जून

गुरुजींना सांगून आलो, देवकाला पंचपल्लव धरा. पाच झाडांची पानं, हल्ली पुष्कळ जण तेच करतात, कुणी काही विचारत नाही. तात्याही त्यांच्याकडून तेच सांगणार आहेत.

घरी उषाने विचारलं, "अहो, आपलं तर वासनवेल ना?" मी म्हणालो, वेल मिळत नाही आता कुठे. कुंपणावर वासनवेल चढलेली आहे. तिने कुंपणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तांदूळ निवडायला लागली. मी उगाच खेकसलो की लग्नाची शंभर कामं आहेत आणि तुला वेलाचं पडलंय. ती सूप उचलून आत गेली. चौतीस वर्षं संसार झाला, माझ्या आवाजाला ती कंटाळली असणार.

७ जुलै

दर रविवारी मारुंजीला जातो. लोकांना वाटतं व्याह्याच्या म्हाताऱ्या बापाची काय सेवा करतोय. मी जातो काका म्हणायला. खोलीत दुसरं कुणी नसलं की काका म्हणतो. बासष्टाव्या वर्षी चुलता मिळाला आहे मला, त्याचं काय करू आणि काय नको असं होतं.

त्यांना सगळं आठवतं, म्हणजे बापाने सांगितलेलं सगळं. कुठल्या शेतात कुठला भात यायचा, माझ्या आजीच्या पाठीवर डाग होता आणि दोघी जावा किती भांडायच्या, आणि भांडून एकाच जात्यावर कशा बसायच्या. आमच्या घरात आजीचं नावसुद्धा कुणाला धड माहीत नव्हतं. तात्या बोलताना डावा हात असा हवेत गोल फिरवतात. आप्पाही तसाच फिरवायचे. मी परवा भाडेकरूवर ओरडताना माझाही फिरला.

त्यांच्या पातीत माणूसबळच नाही. नथूला एक मुलगा, तात्यांना एक, विकासरावला एक. "आमच्यात खांदा द्यायला चार मानसं जमवावी लागत्यात," तात्या म्हणाले. आमच्याकडे भाऊकीची पन्नास घरं आहेत.

ऋतिकापण आज आली होती. परतताना म्हणाली, "बाबा, तात्या हसले ना की अगदी तुमच्यासारखे दिसतात." मी म्हणालो, म्हातारे सगळे सारखेच दिसतात, पुढे बघून गाडी चालव.

२८ जुलै

माऊलीने फलकाचं काम काढलं. विचारलं, धाकट्या पातीचं काय. मी म्हणालो, नाही लागला पत्ता. तो म्हणाला, सगळीकडे विचारलंस? म्हटलं, सगळीकडे. "म्हणजे खुंटली," तो म्हणाला, आणि मी मान हलवली. मग त्याने कारागिराला मोकळ्या जागेत कोरायला लावलं. नथू, धाकटी पाती, निर्वंश.

मी तिथेच उभा होतो. छिन्नीचा आवाज डोक्यात बसलाय. आप्पांचं नाव असलेल्या फलकावर माझ्याच शब्दावरून हे कोरलं गेलं.

तात्यांना सांगितलं. मला वाटलं दुखावतील. आधी खो खो हसले. "आयला, मी जित्ता हाय की रं." मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडले. मी उठायला लागलो तर हात धरला. सोडेनात.

१८ ऑगस्ट

तात्यांनी अंथरूण धरलंय. जेवण तुटलं. डॉक्टर म्हणतात वय झालं. हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे.

आज उषालाही घेऊन गेलो. ती म्हणाली, मला यायचंय. तिने घरून पेज करून नेली होती, चमच्याने भरवली. तात्यांनी सगळी घेतली, विकासरावांना नवल वाटलं. जाताना तात्या तिला म्हणाले, "ये गं सूनबाई."  विहीणबाई म्हणायचं तिथे म्हातारा घोळ घालून बसला. विकासराव बाहेर फोनवर होते हे नशीब. उषाने डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तिच्या काही लक्षात आलं नसावं. मोठ्या माणसांच्या पाया पडायची तिची सवयच आहे.

 गाडीत नांदे सोडल्यावर म्हणाली, चांगला माणूस आहे. म्हटलं, हो.

४ ऑक्टोबर

काका गेले. सकाळी.

५ ऑक्टोबर

काल हात चालला नाही.

फोन आला तेव्हा उषा घटाला माळ बांधत होती, नवरात्राची दुसरी माळ. मी सांगितलं. तिच्या हातातून माळ गळाली. तशीच उठली आणि देवघराबाहेर जाऊन बसली. मी तसाच निघालो.

मारुंजीत गर्दी बरीच होती. त्यांचे भाडेकरू, टेंपोवाले, निरंजनच्या कंपनीतली पोरं. पण तिरडी बांधायला घरचा माणूस नाही. विकासराव एकटेच गोंधळून इकडून तिकडे. मला सगळं येतं, पन्नास तिरड्या बांधल्यात. हात पुढे केला तर एक म्हातारा गावकरी म्हणाला, तुम्ही सोयरे, तुम्ही बसा, भाऊकीने बांधायची. भाऊकीतलं कोण आहे, असं त्याने दोनदा मोठ्याने विचारलं. कुणीच नाही म्हटल्यावर शेजारच्या आळीतली माणसं उठली. त्यांना गाठ मारता येत नव्हती. मी बसून बघितलं.

खांदा सगळेच देतात, तो मीही दिला. तेवढं मिळालं. हलके होते हो अगदी.

घाटावर पाणी पाजायची वेळ आली. विकासराव, मग निरंजन. गुरुजी थांबले आणि अजून कोण, म्हणून सगळ्यांकडे बघितलं. मी चपला शोधायला मागे गेलो.

ऋतिकाही तिथे आली होती, परतताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. निरंजन कसा दिसत होता, बाबा, म्हणाली. मी म्हणालो, तू आहेस ना आता त्याला. ती हो म्हणाली. ती हो म्हणाली म्हणून हे सगळं करायचं, असं मी मनात घोकत घरी आलो.

८ ऑक्टोबर

विकासरावांनी कळवलं, लग्न डिसेंबरातच करायचं. तात्यांचीच तशी इच्छा होती. वर्षाच्या आत करतातच.

मी शपथ पाळतोय. रोज सकाळी अंघोळ करून देवाला फूल वाहतो.  चुलता जाऊन चार दिवस झाले आणि मी घटासमोर घंटा वाजवतोय. आप्पा वरून बघत असतील तर काय म्हणत असतील कोण जाणे.

त्यात उषाचं एक नवीनच. गुडघा धरलाय म्हणते आणि देवघराची पायरी चढत नाही. घटाच्या दिव्यात तेल घालायला भाडेकरणीला बोलावते. बिहारी बाई बिचारी, आनंदाने घालते. इतक्या वर्षांत बाळंतपण सोडलं तर उषाने दिव्याला दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नव्हता. आणि हाच गुडघा घेऊन बाई गच्चीवर धुणं वाळत घालते. मी बोललो तर म्हणाली, वर चढताना दुखत नाही. आता याला काय म्हणायचं. जेवणही बेचव करायला लागली आहे. आमटीला फोडणी नाही, भाजी नुसती उकडलेली. म्हटलं, हे काय. तर म्हणाली, तेल संपलंय, दसऱ्याला आणू. ओट्याखाली डबा भरलेला होता. विसरली असेल. मलाही कुठे जेवण जातंय म्हणा.

तिची चटई जमिनीवर. गादीने पाठ दुखते म्हणे. दोघांचंही वय झालं आता.

१२ ऑक्टोबर

दसरा. दाराला तोरण नाही, घरात गोड नाही. शेजारी सोनं द्यायला आले तर उषा आतून बाहेरच आली नाही. व्याह्यांच्या घरात दुःख आहे, आपण सण काय करायचा, म्हणाली. हे मात्र तिचं बरोबर आहे. मला सुचलं नव्हतं.

माऊली सोनं द्यायला आला आणि घर असं सुनं बघून म्हणाला, व्याह्याच्या बापासाठी एवढं? उषा आतूनच म्हणाली, "माणूस जवळचा होता, भावजी." मी घाईघाईने विषय बदलला.

१३ ऑक्टोबर

दहावा. पहाटे उठून बघतो तर उषाने डोक्यावरून पाणी घेतलेलं, केस ओले, आणि घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढलेली. लोक सणाआधी साफसफाई करतात, ही सणानंतर करते. मलाही उठवून डोक्यावरून अंघोळ करायला लावली. एवढ्या पहाटे कशाला म्हटलं, तर घाटावर जायचंय ना म्हणाली. मग विकासरावांसाठी आणलेली पांढरी टोपी आणि उपरणं माझ्या हातात दिलं. दहाव्याला सोयऱ्यांनी दुखवट्याची टोपी घालायची असते. टोपीला तिने इस्त्री केली होती.

घाटावर न्हावी बसला होता. आधी विकासरावांची डोई झाली. मग निरंजनची. पोरगा एकदम लहान दिसायला लागला. न्हाव्याने वस्तरा पाण्यात खळबळला आणि सवयीने विचारलं, आता भाऊकीतलं कोण. आमच्याकडे दहावा असला की तिघे न्हावी लागतात, ओळ लागते, पोरं एकमेकांची टाळकी बघून हसतात. इथे फरशीवर फक्त दोघांचे केस. मी चार पावलांवर उभा होतो. माझ्या डोक्यावर अजून भरपूर केस आहेत. विकासराव म्हणाले, कोणी नाही, एवढंच. न्हाव्याने हत्यारं पेटीत घातली, झाकण लावलं. मी ते झाकण लागेपर्यंत बघत होतो. एक शब्द बोलायचा होता फक्त. ऋतिका बायकांत उभी होती. निरंजनचं डोकं बघून तिने तोंडाला पदर लावला होता. मी तो शब्द गिळला.

पिंड ठेवला. मला वाटत होतं कावळा शिवायचा नाही. काकांचा जीव अडकला असेल, कुणाकुणाला हात जोडायला लावतील, मग मी पुढे होईन आणि मनातल्या मनात बोलेन. ते बोलायची वाक्यं मी पाठ करून आलो होतो. पण कावळा लगेच आला. घास उचलला आणि गेलाही. लोक म्हणाले, भाग्यवान, कशात गुंतले नव्हते. मला वाईट वाटलं. थोडं तरी थांबायचं.

मग सोयऱ्यांना बोलावलं. मी पुढे झालो. विकासराव पाटावर बसलेले, ताजी डोई, कानामागे रक्ताचा एक ठिपका. मी उपरणं खांद्यावर टाकलं, टोपी घातली. नीट बसली नाही म्हणून दोन्ही हातांनी सारखी केली. डोकं हाताला गरम लागलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले.

"पाव्हनं," म्हणाले, "आमच्यात कोनच न्हाई. बाप एकटा ऱ्हायला, मी एकटा, माज्यामागं पोरगाबी एकटा. लहानपनी मी लई रडायचो तात्यांपाशी, मला भाऊ का न्हाई म्हनून. तुमी सोयरं, पन धा दिवस भावावानी हुबं ऱ्हायलात. सख्खा असता तरी येवढं केलं नसतं."

 गर्दीतून माऊली माझ्याकडेच बघत होता, भाऊकीच्या वतीने आला होता. ऋतिका बघत होती. मी म्हणालो, "सोयऱ्याने करायचं तेवढं केलं, विकासराव. जास्त काही नाही."

ते गळ्यात पडले आणि हमसून हमसून रडले. पाठीवरून हात फिरवला. मलाही रडू फुटलं होतं, पण व्याह्याच्या बापासाठी किती रडायचं याला एक रीत असते. तेवढंच रडलो, डोळे पुसले, आणि पुढच्या सोयऱ्याला टोपी घालता यावी म्हणून बाजूला झालो.